शिष्यवृत्तीचा अर्ज

(दहावी-बारावीनंतर पुढे शिकावे, असे अनेक विद्यार्थ्यांना वाटते. फीचा आकडा ऐकून मात्र पुष्कळजण मागे फिरतात. शिक्षणासाठी मिळणारी आर्थिक मदत किती प्रकारची असते, ती कोणाला मिळते आणि तिच्यासाठी अर्ज कसा करावा, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे. पाठाच्या शेवटी अर्जाचा एक नमुनाही दिला आहे.)

दहावीचा निकाल लागला की प्रत्येक घरात दोन प्रश्न विचारले जातात. किती टक्के मिळाले, हा पहिला प्रश्न. आता पुढे काय, हा दुसरा. पहिला प्रश्न सगळे मोठ्याने विचारतात. दुसरा प्रश्न पुष्कळ घरांत हळू आवाजात विचारला जातो, कारण त्याच्या पाठोपाठ फीची गोष्ट येते.

जोगेश्वरी, अंधेरी, मालवणी, घाटकोपर, मुलुंड अशा भागांत राहणारे कितीतरी पालक रिक्षा चालवतात, शिवणकाम करतात, जरीकाम करतात किंवा लहानशा दुकानात नोकरी करतात. मुलांनी शिकावे, असे त्यांना मनापासून वाटते. पण कॉलेजच्या माहितीपुस्तिकेतील रक्कम पाहून अब्बा गप्प होतात. अम्मी म्हणते, "एखादे वर्ष थांब, मग बघू." ते एक वर्ष पुढे कधी संपतच नाही. मुलगा कामाला लागतो. मुलगी घरी बसते.

पैशाअभावी शिक्षण सुटते, हे खरे आहे. पण माहितीअभावीही शिक्षण सुटते. ज्या घराला मदत मिळू शकत होती, त्या घराने अर्जच केला नाही, असे अनेकदा घडते. म्हणून ही माहिती निकालानंतर नव्हे, निकालाच्या आधी हवी.

मदतीची जुनी परंपरा

शिक्षणासाठी मदत घेणे कमीपणाचे आहे, असे काहींना वाटते. हा गैरसमज आहे. आपल्या देशातील फार मोठी माणसे शिष्यवृत्तीवर शिकली आहेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले. १९१३ मध्ये ते अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यासाठी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. तिच्यासोबत एक अटही होती : शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानात नोकरी करावी. पुढे ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट ठेवून त्यांना परत यावे लागले. मग त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून काम केले, पगारातून पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. शिष्यवृत्ती, स्वतःची बचत आणि कर्ज या तिन्हींच्या आधाराने त्यांनी आपले शिक्षण पूर्ण केले.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली. खेड्यातील मूल शहरात राहू शकले तरच ते शिकेल, हे त्यांनी ओळखले होते. १९०६ मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी कोल्हापुरात मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिच्या मागे महाराज स्वतः उभे राहिले. आज महाराष्ट्र शासनाची एक मोठी शुल्क योजना त्यांच्याच नावाने चालते.

आपल्या उपनगरातही असे उदाहरण आहे. जोगेश्वरीच्या टेकडीवरील इस्माईल युसुफ कॉलेज १९३० मध्ये सुरू झाले. मुस्लिम विद्यार्थ्यांना उच्च शिक्षण मिळावे म्हणून सर महंमद युसुफ यांनी दिलेल्या ८ लाख रुपयांच्या देणगीतून ते उभे राहिले आणि त्यांच्या वडिलांचे नाव त्याला देण्यात आले. आज हे शासकीय कॉलेज आहे आणि तेथे सर्व समाजांची मुले-मुली शिकतात.

मदतीचे चार प्रकार

शिक्षणासाठी मिळणारी मदत मुख्यतः चार प्रकारची असते.

पहिला प्रकार म्हणजे शुल्कमाफी किंवा शुल्क सवलत. यात फीचा सगळा किंवा काही भाग शासन भरते.

दुसरा प्रकार शिष्यवृत्ती. उर्दूत आपण तिला वजीफा म्हणतो. यात ठरावीक रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. ही रक्कम परत करायची नसते.

तिसरा प्रकार 'कमवा व शिका'. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. शिकता शिकता श्रम करावे आणि श्रमाच्या कमाईवर शिकावे, हा विचार त्यांनी महाराष्ट्रात रुजवला. आजही अनेक कॉलेजांत विद्यार्थी ग्रंथालयात किंवा कार्यालयात रोज काही तास काम करून पैसे मिळवतात.

चौथा प्रकार शैक्षणिक कर्ज. ही रक्कम शिक्षण संपल्यावर परत करावी लागते आणि बहुतेक वेळा तिच्यावर व्याज असते. म्हणून कर्जाचा विचार सर्वांत शेवटी करावा. काही कुटुंबे व्याजाचे कर्ज घेत नाहीत. त्यांना पहिले तीन मार्ग खुले असतातच.

याखेरीज अनेक खासगी न्यासही मदत करतात. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी निधी उभारला. तो आजही चालू आहे. आपल्या वस्तीतील जमात, अंजुमन किंवा मशिदीच्या न्यासाकडेही चौकशी करावी. न्यासाची मदत जकातीच्या पैशांतून असेल, तर ती कोणाला घेता येते हेही विचारून घ्यावे.

काही महत्त्वाच्या योजना

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना ही खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असले तर व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची अर्धी रक्कम या योजनेतून मिळते. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेला हवा. एका कुटुंबातील पहिल्या दोन मुलांनाच हा लाभ मिळतो.

मुलींसाठी एक चांगली तरतूद २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून सुरू झाली. इतर मागासवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक तसेच सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी असे काही मुस्लिम समाज राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. आपले कुटुंब या यादीत बसते का, हे घरातील मोठ्यांना विचारा. पुष्कळ घरांत ही चौकशी कधी झालेलीच नसते.

अल्पसंख्याक समाजातील विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची उच्च व व्यावसायिक शिक्षणाची वेगळी शिष्यवृत्ती आहे. या सर्व योजनांचे अर्ज 'महाडीबीटी' या संकेतस्थळावर भरले जातात.

बारावीत चांगले गुण मिळवणाऱ्यांसाठी केंद्र शासनाची एक योजना आहे. बारावीत ज्यांचा पर्सेंटाइल ८० च्या वर आहे आणि ज्यांच्या कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरवर्षी १२,००० रुपये मिळू शकतात. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा असतो. येथे टक्के आणि पर्सेंटाइल यांतील फरक समजून घ्या. ८० टक्के म्हणजे १०० पैकी ८० गुण. ८० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या दर १०० विद्यार्थ्यांपैकी ८० जण तुमच्या मागे आहेत.

तुमचे धाकटे भावंड आठवीत असेल, तर त्याला राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेला जरूर बसवा. शासकीय आणि अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांसाठी असलेली ही परीक्षा उर्दू माध्यमातूनही देता येते. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात.

योजना बदलत असतात, हे मात्र लक्षात ठेवा. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पूर्वी पहिलीपासून मिळत असे. २०२२-२३ पासून पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी ती थांबली. संशोधन करणाऱ्यांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपही त्याच वर्षापासून बंद झाली. म्हणून "माझ्या मोठ्या भावाला मिळाली होती" एवढ्या माहितीवर विसंबू नये. या वर्षी ती योजना चालू आहे का, उत्पन्नाची मर्यादा किती आहे आणि शेवटची तारीख कोणती, हे दरवर्षी नव्याने पाहावे.

हिशेब आधी करावा

समजा, मुलुंडला राहणारा इम्रान नावाचा एक मुलगा आहे. तो खुल्या प्रवर्गातील आहे. दहावीनंतर त्याला अभियांत्रिकीची पदविका घ्यायची आहे. त्याच्या वडिलांचे वार्षिक उत्पन्न २ लाख ४० हजार रुपये आहे. एका खासगी तंत्रनिकेतनाची फी अशी आहे : शिक्षण शुल्क ५०,००० रुपये, परीक्षा शुल्क २,००० रुपये आणि इतर शुल्क ८,००० रुपये. एकूण ६०,००० रुपये.

इम्रानला वाटते, योजनेतून अर्धी फी म्हणजे ३०,००० रुपये मिळतील. तसे होत नाही. सवलत फक्त शिक्षण शुल्कावर आणि परीक्षा शुल्कावर आहे. त्यामुळे २५,००० अधिक १,००० असे २६,००० रुपये मिळतील. उरलेले ३४,००० रुपये घरातून भरावे लागतील. लोकलचा पास, पुस्तके आणि चित्रकलेचे साहित्य यांचा खर्च आणखी वेगळा.

आता इम्रानने दुसराही हिशेब करावा. वांद्रे पूर्वेला खेरवाडी येथे शासकीय तंत्रनिकेतन आहे. शासकीय आणि अनुदानित संस्थांची फी खासगी संस्थांच्या मानाने पुष्कळ कमी असते. गुण पुरेसे असतील, तर प्रवेशाच्या पसंतीक्रमात अशा संस्था आधी लिहाव्यात. कमी फीची जागा मिळाली, तर मदतीची गरजही कमी पडते. एका वर्षात सहसा एकाच शासकीय योजनेचा लाभ घेता येतो. म्हणून ज्या योजनेतून जास्त रक्कम मिळेल, ती निवडावी.

कागदपत्रांची तयारी

अर्ज भरायला एक तास लागतो. कागदपत्रे जमवायला मात्र आठवडे लागतात. म्हणून नववी-दहावीतच एक फाईल करावी. तिच्यात पुढील कागद असावेत.

१. दहावीची गुणपत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला.
२. उत्पन्नाचा दाखला.
३. अधिवास दाखला, म्हणजे आपण महाराष्ट्राचे रहिवासी असल्याचा दाखला.
४. आधार कार्ड व शिधापत्रिका.
५. लागू असल्यास जातीचा दाखला.
६. स्वतःच्या नावाचे, आधारशी जोडलेले बँक खाते.
७. प्रवेश मिळाल्यावर फीची पावती.

उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो. मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी स्थापन झाला. त्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत. घाटकोपर आणि मुलुंड हे भाग कुर्ला तालुक्यात येतात. आपल्या घराचा तालुका कोणता, हे प्रत्येकाला माहीत असले पाहिजे. नाहीतर एका कार्यालयात दोन तास रांगेत उभे राहून "तुमचा अर्ज येथे नाही" हे उत्तर ऐकावे लागते.

आता हे अर्ज 'आपले सरकार' सेवा केंद्रातूनही करता येतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये लागू झाला. या कायद्याने दाखला ठरावीक दिवसांत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ही मुदत १५ दिवसांची आहे. अर्ज दिल्यावर पावती घ्यावी आणि जपून ठेवावी. मुदत संपूनही दाखला न मिळाल्यास त्याच पावतीच्या आधारे वरिष्ठांकडे अपील करता येते. निकालानंतर या कार्यालयांत फार गर्दी होते, हेही ध्यानात ठेवावे.

नाव एकच असावे

अनेक अर्ज एका लहानशा कारणामुळे अडकतात. ते कारण म्हणजे नावातील फरक. 'शेख' हे आडनाव इंग्रजी अक्षरांत तीन-चार प्रकारे लिहितात. 'मोहम्मद' कुठे पूर्ण लिहिलेले असते, तर कुठे संक्षिप्त. एखाद्या मुलीचे नाव आधार कार्डावर 'आयेशा बानो' असते, गुणपत्रिकेवर नुसते 'आयेशा' असते आणि बँकेत तिसरेच काही असते. आपल्याला ही एकच मुलगी दिसते. संगणकाला मात्र या तीन मुली वाटतात.

यावर उपाय सोपा आहे, पण तो वेळेवर केला पाहिजे. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना शाळेतील नोंद नीट तपासावी. नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख या चार गोष्टी पाहाव्यात. चूक असल्यास वर्गशिक्षकांना लगेच सांगावे. शाळा सोडण्यापूर्वी दुरुस्ती करणे सोपे असते. दाखला हातात पडल्यावर तीच दुरुस्ती फार कठीण होते. मग शाळेतील नोंदीप्रमाणे आधार कार्ड आणि बँक खाते दुरुस्त करून घ्यावे.

अर्ज भरताना आणि भरल्यानंतर

अर्ज शक्यतो स्वतः भरावा. सायबर कॅफेत जावे लागले, तरी आपल्या डोळ्यांसमोर भरून घ्यावा. वापरकर्ता नाव आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवावा. मोबाईलवर येणारा ओटीपी कोणालाही सांगू नये. "इतके पैसे द्या, शिष्यवृत्ती मंजूर करून देतो" असे म्हणणाऱ्या माणसापासून दूर राहावे. उत्पन्न कमी दाखवण्यासाठी खोटा कागद जोडू नये. असा अर्ज रद्द होतो आणि मिळालेली रक्कम परत करावी लागते.

अर्ज पाठवला म्हणजे काम संपले, असे समजू नये. अर्ज आधी कॉलेजकडे जातो. तेथील कर्मचारी तो तपासतात. मग तो संबंधित विभागाकडे जातो. एखादा कागद अस्पष्ट असेल, तर अर्ज दुरुस्तीसाठी आपल्याकडे परत येतो. तो परत आल्याचे आपल्याला कळलेच नाही, तर मुदत निघून जाते. म्हणून दर आठवड्याला संकेतस्थळावर अर्जाची स्थिती पाहावी. मंजुरी मिळाल्यावर एखादी कृती बाकी असेल, तर तीही पूर्ण करावी. शिवाय पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. पहिल्या वर्षी मदत मिळाली म्हणजे दुसऱ्या वर्षी ती आपोआप मिळते, असे नाही. परीक्षेत उत्तीर्ण होणे आणि वर्गात हजर राहणे, या अटीही पाळाव्या लागतात.

मदतीची रक्कम कधी कधी उशिरा येते. तोपर्यंत फी कशी भरायची, हा प्रश्न उरतो. अशा वेळी प्राचार्यांना लेखी विनंती करावी. विनंती करण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

अर्जातील शब्द

मराठी अर्ज पाहून घाबरू नका. त्यातील निम्मे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. अर्ज, रक्कम, तारीख, मंजूर, नामंजूर, रद्द, हक्क, वारस, तहसील, तालुका हे शब्द उर्दूतही आहेत. मात्र काही शब्द दिसायला सारखे असूनही अर्थाने वेगळे असतात. उर्दूत 'दाखला' म्हणजे प्रवेश. मराठीत 'दाखला' म्हणजे प्रमाणपत्र. उर्दूत 'सही' म्हणजे बरोबर. मराठीत 'सही' म्हणजे दस्तखत. 'अर्जदाराची सही' येथे 'बरोबर' असे लिहून चालणार नाही! हिंदीत 'शिक्षा' म्हणजे तालीम. मराठीत मात्र 'शिक्षा' म्हणजे सजा. तालीमला मराठीत 'शिक्षण' म्हणतात. अर्ज वाचताना हा फरक ध्यानात ठेवला म्हणजे चूक होत नाही.

तुम्ही घरातील पहिले कॉलेजात जाणारे असाल, तर हे काम तुम्हालाच करावे लागेल. अम्मी-अब्बांना हा अर्ज वाचता येत नसेल, तर तो त्यांना उर्दूत समजावून सांगा आणि मगच त्यांची सही किंवा अंगठा घ्या. तुमच्यानंतर धाकट्या भावंडांना आणि शेजारच्या मुलांना याच माहितीचा उपयोग होईल.

नमुना अर्ज

दिनांक : ........

प्रति,
मा. प्राचार्य,
(कॉलेजचे नाव व पत्ता)

विषय : फी हप्त्यांनी भरण्याची परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,

मी आपल्या कॉलेजात अकरावी वाणिज्य वर्गात प्रवेश घेतला आहे. माझे वडील रिक्षाचालक असून घरात ते एकटेच कमावते आहेत. आमच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाख ४० हजार रुपये आहे. उत्पन्नाचा दाखला सोबत जोडला आहे.

मी शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला असून त्याची पोचही सोबत जोडली आहे. सध्या पूर्ण फी एकदम भरणे आम्हाला शक्य नाही. तरी मला ही फी तीन हप्त्यांत भरण्याची परवानगी द्यावी, ही नम्र विनंती. ठरलेल्या तारखांना हप्ते भरण्याची जबाबदारी माझी व माझ्या पालकांची राहील.

आपली विश्वासू,
(सही)
अ. ब. क.

सोबत : १. उत्पन्नाचा दाखला. २. शिष्यवृत्ती अर्जाची पोच.

शब्दार्थ

शिष्यवृत्ती – वजीफा
शुल्क – फी
उत्पन्न – आमदनी
पात्र – हकदार, अहल
अट – शर्त
पालक – सरपरस्त
अधिवास – सुकूनत
पावती, पोच – रसीद
न्यास – ट्रस्ट
नूतनीकरण – तजदीद
वसतिगृह – होस्टेल
हप्ता – किस्त

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डॉ. आंबेडकरांना १९१३ मध्ये शिष्यवृत्ती कोणी दिली?
(आ) इस्माईल युसुफ कॉलेज कोठे आहे?
(इ) मुंबई उपनगर जिल्ह्यातील तीन तालुके कोणते?
(ई) उत्पन्नाचा दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्ज यांत कोणता फरक आहे?
(आ) अर्ज पाठवल्यानंतरही त्याची स्थिती का पाहावी लागते?
(इ) नावातील फरकामुळे कोणती अडचण येते? तिच्यावर उपाय काय?

प्र. ३. कारणे लिहा.
(अ) इम्रानला ३०,००० रुपयांऐवजी २६,००० रुपयेच मिळतात, कारण ........
(आ) मोठ्या भावाच्या माहितीवर विसंबू नये, कारण ........

प्र. ४. हिशेब करा.
एका खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याचे शिक्षण शुल्क ३६,००० रुपये, परीक्षा शुल्क १,६०० रुपये आणि इतर शुल्क ५,४०० रुपये आहे. राजर्षी शाहू महाराज योजनेतून त्याला किती रक्कम मिळेल? घरातून किती रक्कम भरावी लागेल?

प्र. ५. पुढील शब्दांचा मराठीतील व उर्दूतील अर्थ लिहून प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
दाखला, सही.

प्र. ६. विरुद्धार्थी शब्द लिहा.
मंजूर × ........ , खोटा × ........ , पात्र × ........ , सोपे × ........

उपक्रम : (१) आपल्या घरातील सर्वांच्या आधार कार्डांवरील, शाळेतील व बँकेतील नावे ताडून पाहा आणि आढळलेले फरक वहीत लिहा. (२) आपल्या वस्तीत कॉलेजात शिकणाऱ्या एखाद्या ताई किंवा भाईला भेटून त्यांनी कोणत्या योजनेसाठी अर्ज केला, ते विचारा व वर्गात मराठीतून सांगा.